निकालाच्या दिवशी जामीनदार बरोबर आणा

सांगलीत विजयनगरच्या कोर्टात मी एका फौजदारी वकिलांकडे कारकून आहे, २२ वर्षं झाली. निकालाच्या दिवशी पक्षकार गणपतीला नारळ फोडून येतात, आणि जामीनदाराला मात्र घरी ठेवून येतात.

गेल्या उन्हाळ्यात जतकडचा एक शेतकरी होता. बांधावरची मारामारी, एक वर्षाची कैद. निकाल झाला साडेचारला. भावाला फोन केला तर तो शेतात, सातबारा कपाटात आणि किल्ली वहिनीकडे. तो पोचेतो कोर्ट उठलं होतं. शेतकऱ्याची बायको डब्याची पिशवी धरून जिन्यात बसलेली. आदल्या दिवशी मीच आठवण करायला हवी होती.

कारण कायदा तुमच्या बाजूनं आहे. तुम्ही जामिनावर असाल आणि कैद ३ वर्षांपर्यंत असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपील करण्यापुरतं तुम्हाला जामिनावर सोडतं. नाकारायचं तर खास कारण लागतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०. आमच्या तोंडी अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३८९च येतं. तीनच्या वर गेली की बहुतेक वेळा त्या दिवशी आत जावं लागतं, जामीन अपील कोर्टात मागायचा.

म्हणून जामीनदार, त्याचा चालू सातबारा, आधार, रेशनकार्ड, फोटो असं सगळं सकाळीच बरोबर असू द्या. दंडाचे पैसे वेगळ्या पाकिटात. जुना जातमुचलका, म्हणजे आधी स्वतः लिहून दिलेली हमी, चालेल म्हणून गाफील राहू नका.

दोषी ठरवल्यावर न्यायाधीश साहेब बऱ्याचदा विचारतात, शिक्षेबद्दल काय सांगायचंय? लोक हात जोडून गप्प उभे राहतात. बोला! पहिलाच गुन्हा, घरी म्हातारी आई, जे खरं असेल ते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानं बऱ्याच गुन्ह्यांत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवरही सोडता येतं.

कैद झाली तर निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते, मागून घ्या. मॅजिस्ट्रेटचा निकाल असेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील. सत्र न्यायालयाचा असेल तर हायकोर्टात, ६० दिवस. पूर्वी त्यासाठी मिरजेतून महालक्ष्मीनं मुंबई गाठायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे बाहेरगावी बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात आहे. सातारकरांचंही तिथंच.

कॉरिडॉरमध्ये कुणीतरी सल्ला देतंच, ‘कबूल करून टाक, दंडावर भागतंय.’ कबुली दिलीत की पुढं अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही एवढ्यावरच. पोरगा भरतीची तयारी करत असेल, तर चारित्र्य पडताळणीत ती शिक्षा निघतेच.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. बाई असो, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असो की कोठडीतला, यांना उत्पन्नाची अट नाही, आणि अपिलालाही वकील मिळतो. यायला जमत नसेल तर १५१०० ला फोन लावा.