नाईट गार्ड लावताय? या चुका टाळा

झोपेत दात खाणाऱ्याला दंतवैद्य नाईट गार्ड देतात, आणि ते म्हणजे दातांचं नुसतं कव्हर अशी आपली समजूत होते. दातांची झीज ते वाचवतंच. पण वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा थर आला की चावण्याचे स्नायू थोड्या वेगळ्या लांबीवर काम करू लागतात. कानापुढच्या सांध्यात जबड्याचं टोक जिथे बसतं ती जागाही किंचित सरकू शकते. तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गार्ड एकदा बसवून घेतला की पुन्हा दाखवायला न जाणं. कानशिलावर आणि गालाच्या मागच्या बाजूला बोटं ठेवून दात आवळून बघा. बोटांखाली जे टणक लागतात ते टेम्पोरालिस आणि मॅसेटर. हे स्नायू सैलावले की जबडा आधीपेक्षा जरा वेगळ्या जागी मिटतो. पहिल्या दिवशी कार्बन पेपर चावून बघितला तेव्हा दोन्हीकडे सारखे ठिपके होते. दोन-तीन आठवड्यांनी एकाच दाढेवर गडद ठिपका उमटतो, म्हणजे गार्ड तिथे उंच पडतो. मग सकाळी गाल किंवा कानशील दुखतं, आणि ‘मला गार्ड मानवला नाही’ म्हणून तो डबीत पडतो. खरं तर दंतवैद्यांकडून तेवढा उंचवटा घासून घेतला की बऱ्याचदा काम भागतं.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. फक्त पुढच्या दातांवर बसणारा छोटा गार्ड लावला की दाढा टेकत नाहीत, मॅसेटरचा जोर उतरतो आणि बरं वाटतं. बरं वाटतं म्हणून लोक तो दिवसरात्र, महिनोन्‌महिने लावतात. टेकायला काही न मिळाल्याने दाढा हळूहळू हिरडीतून बाहेर सरकतात, पुढचे दात आत दाबले जातात. शेवटी गार्ड काढला तरी पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, पोळीचा घास तुटत नाही. म्हणून गार्ड दातांची पूर्ण ओळ झाकणारा असावा आणि सांगितल्याशिवाय दिवसा लावू नये.

ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड स्वस्त असतो, पण तो नीट घासून जुळवता येत नाही, आणि काही जण झोपेत तो चघळतच बसतात.

सांध्यात ‘टक्’ वाजतं पण दुखत नाही, तर तेवढ्यासाठी जबडा पुढे ओढणारं उपकरण मागू नका. त्याने चावाच बदलू शकतो. मात्र आवाज अचानक थांबला आणि तोंडात उभी तीन बोटंही मावेनाशी झाली, तर सांध्यातली चकती अडकलेली असू शकते. जोर लावून तोंड उघडू नका, लगेच दाखवा.

सकाळी गार्ड काढल्यावर थोडा वेळ दात जुळल्यासारखे वाटत नाहीत, ते चालतं. दुपारपर्यंत तसंच राहिलं तर दंतवैद्यांना कळवा. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा नैराश्याची गोळी चालू असेल, तर गार्ड बनवण्याआधीच सांगा. काही गोळ्यांनी दात खाणं वाढतं, पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

आणि दंतवैद्यांनी बनवून दिलेला ॲक्रिलिकचा गार्ड कढत पाण्याने धुऊ नका. तो वाकतो, आणि वाकलेला गार्ड दुसऱ्या दिवशी नीट बसत नाही.