सायकलचं दुकान बंद करून समाजकार्य करायचंय? मग आधी हे वाचा

बेळगावात शहापूरला माझं सायकलचं दुकान होतं, २३ वर्षं चालवलं, आधी तासावर भाड्यानं द्यायचो मग विक्री-रिपेरी, आणि आता खानापूर तालुक्यातल्या शाळांत फिरून पोरांच्या सायकली फुकट नीट करून देतो. धंद्यातले दोघं-तिघं विचारत होते आपणपण असं करावं म्हणतोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नुसतं शटर ओढलं म्हणजे दुकान बंद होत नाही बघा. जीएसटी नंबर असेल तर धंदा बंद केल्यापासून ३० दिवसांत कॅन्सलचा अर्ज करायचा, आणि कॅन्सल झाल्यावर ३ महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न. शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, परत भरावी लागते, त्यामुळं टायर-ट्यूबचा ढीग तसाच ठेवून दान करू म्हणत बसू नका, जमेल तेवढा होलसेलवाल्याला परत द्या. ट्रेड लायसनचंपण मिटवा. उधारी सोडून द्या, ती काय येत नाही. दुकानातल्या पोराचं मात्र आधी बघा, मी रिपेरीचं सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडंच वळवलं.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला जुन्या सायकली गोळा केल्या, रंग मारला, १४ सायकली वाटल्या, शाल-नारळ-फोटो सगळं झालं. सहा महिन्यांनी कणकुंबीकडं गेलो तर निम्म्या सायकली पडवीत उभ्या, कोंबड्या बसल्यात वर. काय झालं म्हणून विचारलं तर पंक्चर! गावात पंपच नाही, दुरुस्तीला जांबोटीपर्यंत ढकलत कोण नेणार. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या पोरांना सायकली दिल्या, त्यातल्यापण कितीतरी अशाच गंजलेल्या बघितल्यात मी. तेव्हापासून सायकली वाटायचं बंद, रिपेरी वाटतो.

त्यासाठी आधी हेडमास्तर आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या) अध्यक्षांना भेटा, शनिवार धरा, सकाळची शाळा असते, सुटल्यावर पोरं थांबतात. पहिल्या दिवशी सगळ्या सायकली नीट होणार नाहीत, ब्रेक आधी बघा, रबरं झिजलेली असतातच, मग रिमचा आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा, मग चेन. आपल्याकडच्या पावसात हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) पाणी जाऊन छर्रे गंजतात, म्हणून शाळा उघडल्या उघडल्या पहिल्या आठवड्यात हबचे कोन (छर्रे धरून ठेवणारे नट) खोलून ग्रीस भरा, मार्चमध्ये भरलं तर सुट्टीत सायकल उन्हातच उभी असते. बावीस, चोवीस आणि सव्वीस इंची ट्यूबा सोबत ठेवा, आणि जुन्या सायकली मोडल्यात त्यांचे फ्रीव्हील-पॅडल फेकू नका.

खरं काम पुढं आहे. प्रत्येक शाळेत आठवी-नववीची दोन पोरं नाहीतर पोरी निवडा आणि पंक्चर काढायला शिकवा. पोरी जास्त नीट करतात, हा माझा अनुभव, पोरं सोल्युशन वाळायच्या आधीच ठिगळ चिकटवतात. पंप, घासायला पॉलिश पेपर, सोल्युशन, टायर काढायचे चपटे पाने एवढं त्यांच्याकडंच ठेवा, ऑफिसच्या कपाटात ठेवलं की किल्ली शिपायाकडं आणि शिपाई रजेवर.

ट्रस्टची घाई नको. स्वतःच्या खिशातून करताय तोवर वहीत हिशेब पुरे. दुसऱ्यांचे पैसे यायला लागले की मग सीएला विचारून ट्रस्ट करा, सोसायटी म्हणजे नोंदणीची संस्था करायची तर कमीत कमी ७ जण लागतात आणि ७ जण मीटिंगला जमवणं म्हणजे गाढवाला उंबरा ओलांडायला लावणं. ८०जी (देणगी देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते ती मान्यता) मिळायच्या आधी कुणाला टॅक्स वाचेल म्हणून सांगू नका, मिळाल्यावरपण २००० रुपयांच्या वर कॅश दिली तर सूट नाही, चेक नाहीतर यूपीआयच घ्या.

आणि हो, घरच्यांना महिन्याचा पेट्रोलचा आकडा आधीच सांगून ठेवा. माझा मी सांगितला नव्हता.