सोसायटीतल्या झाडांची छाटणी: माणूस कसा निवडावा, काम कसं करून घ्यावं

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या मिटिंगमध्ये झाडांचा विषय निघतोच. कुणाच्या गॅलरीत फांदी आलेली असते, कुणाच्या गाडीवर पक्षी घाण करतात, आणि मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीत पडलेला गुलमोहर सगळ्यांच्या लक्षात असतो. मग कुणीतरी एका लाकूडवाल्याचा नंबर देतं. तो पैसे मागत नाही, फक्त तोडलेलं लाकूड घेऊन जाणार. फुकटात काम होतंय म्हणून कमिटी लगेच हो म्हणते, आणि झाडाचं नुकसान तिथूनच सुरू होतं.

ज्याचा मोबदला लाकडात आहे, तो जाड फांद्याच तोडणार. वाळक्या काटक्यांना वखारीत भाव नाही. त्यामुळे ज्या फांद्यांवर झाडाचा तोल असतो त्या जातात आणि ज्या खरंच धोकादायक आहेत त्या राहतात. म्हणून पहिला नियम: मजुरी रोख ठरवा आणि लाकडाचा हिशेब वेगळा ठेवा.

आधी झाड नीट बघा

माणूस शोधण्याआधी सकाळच्या उजेडात प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्याशी किंवा खोडावर भूछत्रं उगवली असतील तर आत कूज आहे असं समजा. खोडाला भोकं आणि खाली भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा आहे. आंब्यावर हे हमखास दिसतं. झाड पूर्वीपासून कललेलं असेल तर फार घाबरू नका, पण कल नवा असेल आणि मागच्या बाजूची माती उचलली गेली असेल, तर त्या दिवशीच खालच्या गाड्या हलवा आणि महापालिकेला कळवा. फांदी वाळली आहे की नुसती पानं गळली आहेत, हे कळत नसेल तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे.

गुलमोहर, सोनमोहर आणि वर्षावृक्ष यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं आणि मुळं वरवर पसरतात. त्यातच बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेले असतील तर पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढी जागा आपल्या आवारातही मोकळी करता येते, आणि माझ्या मते छाटणीपेक्षाही हे काम आधी करावं. पाइपलाइन किंवा केबलसाठी बुंध्यालगत चर खणू देऊ नका. त्यात जी मुळं तुटतात त्यांचा परिणाम पुढच्या वादळात दिसतो.

परवानगी

झाड आपल्या आवारात असलं तरी परवानगी लागतेच. महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाड पाडण्याबरोबर फांद्या छाटणं आणि झाडाला इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. वॉर्ड ऑफिसच्या किंवा पालिकेच्या उद्यान विभागात अर्ज, झाडांचे फोटो आणि कारण द्या. मे महिन्यात सगळेच अर्ज करतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच द्या. फांद्या विजेच्या तारांजवळ असतील तर महावितरणच्या किंवा तुमच्या वीज कंपनीच्या कार्यालयाशी बोलून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या. तार उघडी असो वा नसो, चालू लाइनजवळ कुणालाही चढवू नका.

माणूस निवडताना

मोठ्या शहरांत प्रशिक्षित आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची तपासणी आणि निगा यांतले जाणकार, मिळतात. जुना वड किंवा पोकळ खोडाचं झाड असेल तर त्यांच्याकडून एकदा तपासणी करून घेणं पैसे वसूल करून देतं. नेहमीच्या छाटणीला पालिकेचे मान्यताप्राप्त ठेकेदार किंवा चांगला अनुभवी माळी चालतो. माडासाठी माडावर चढणाराच हवा. गोव्यात पाडेली म्हणतात तो. त्याला फक्त वाळक्या झावळ्या आणि नारळ उतरवायला सांगा, हिरव्या झावळ्या काढू नका. वर गेल्यावर शेंड्यात गेंड्या भुंग्याची भोकं आहेत का, हेही त्यालाच बघायला सांगा.

बाकी झाडांसाठी समोरच्याला एकच प्रश्न विचारा: "ही फांदी तुम्ही कुठून आणि कशी कापाल?" तो "वरून सगळं साफ करून देतो, साहेब, दोन वर्षं बघायला नको" म्हणाला तर नम्रपणे निरोप द्या. शेंडा उडवून झाडाचं टक्कल केलं की धुमारे फुटतात, ते भराभर वाढतात आणि त्यांचा जोड कच्चा असतो. म्हणजे दोन-तीन वर्षांत धोका आणखी वाढतो.

जाड फांदी नीट कापायची तर तीन काप लागतात. पहिला काप खोडापासून दीड-दोन वीत अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी तिथे तुटते आणि साल खालच्या कापापाशी थांबते. हा खालचा काप घेतला नाही तर पडणारी फांदी खोडाची साल हातभर सोलत नेते. मग उरलेल्या खुंटाचा तिसरा काप. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगवटा असतो, सुरकुत्यांच्या कड्यासारखा. काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, खुंट लांब ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत उतरते.

अमेरिकेच्या वनसेवेतले वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी खोडं उभी चिरून दाखवलं, की झाड जखमेभोवती आतून भिंती उभारून कूज अडवतं आणि बाहेरून नवी साल चढवतं. फुगवटा राखायचा तो यासाठी. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याचा काही उपयोग नाही.

कामाचा दिवस

तोडायच्या प्रत्येक फांदीवर आदल्या दिवशी खडूने खूण करा किंवा दोरी बांधा, आणि "खुणेच्या बाहेर एकही नाही" असं कागदावर लिहून घ्या. एका झाडाची एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानं जाऊ नयेत. छाटणी सगळ्या बाजूंनी सारखी करा. गॅलरीकडची बाजूच कापली तर वजन दुसरीकडे जाऊन झाड त्या बाजूला पडतं.

चढणाऱ्याकडे हेल्मेट, हार्नेस आणि मजबूत दोर आहे ना, त्याचा विमा आहे ना, हे आधी बघा. उघड्या पायांनी, कमरेला नुसता कोयता खोचून कुणी वर जात असेल तर काम थांबवा. पैसे वाचतात म्हणून कुणाचा जीव धोक्यात घालू नये.

घरटी बघितल्याशिवाय करवत लावू नका. बगळे, रातबगळे पावसाच्या तोंडावर वसाहती करतात आणि पक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत ते झाड सोडा. आग्या मोहोळ असेल तर जाणकाराला बोलवा, धूर करायला जाऊ नका.

काम झाल्यावर सगळे काप खालून बघा, फोटो काढा, मगच शेवटचा हप्ता द्या. पालापाचोळा ठेकेदाराला नेऊ देऊ नका, आवारातच खड्डा करून कुजवा किंवा बुंध्याभोवती पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. परवानगीपत्र, फोटो आणि बिल सेक्रेटरींच्या फायलीत लावा. पुढच्या वर्षी कापांभोवती धुमारे फुटलेले दिसतील. त्यातले एक-दोन जोमदार ठेवा आणि बाकीचे कोवळे असतानाच काढून टाका.