डिकीत स्टेपनी, हातात स्लिप: ड्रॅगला पहिल्यांदा जाताना

वाळूजला टूलरूममध्ये लागलो तेव्हा माझ्याकडे एक लिटरची सेकंडहँड टर्बो पोलो होती, आणि समोर मोकळा समृद्धी महामार्ग. तुमचंही तसंच असेल तर तो मोह आधी सोडा. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मी बंद धावपट्टीवर ड्रॅगला गेलो, म्हणजे दोन गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत. रात्रीच निघून नगर-पुणे मार्गे, ज्या टायरवर रोज कंपनीत जातो त्याच टायरवर. मागच्या सीटवर आईनं दिलेला भाकरी-ठेच्याचा डबा.

नाव नोंदवलं होतं १४०० सीसीपर्यंतच्या वर्गात. तपासणीच्या टेबलावरच्या माणसानं बॉनेट उघडायला लावलं, टर्बो बघितला आणि कॅल्क्युलेटर काढला. आंतरराष्ट्रीय नियमात टर्बो पेट्रोलच्या सीसीला १.७ नं गुणतात, डिझेलला १.५ नं. माझे ९९९ झाले १६९८. गेलो दोन लिटरवाल्यांच्या वर्गात, पहिल्याच फेरीत घरी. उस्मानपुऱ्यातले आमचे गॅरेजवाले उस्ताद एवढंच म्हणाले, "मियाँ, गाडी बाद में, पहले कागज पढो." तेव्हा नियमावली आधी मागवा. स्टेपनी काढलेली चालते का, रिमॅप केल्यावर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर, गाडी स्टॉकमध्ये (कंपनीतून आली तशा गाड्यांच्या वर्गात) राहते का, हे फोन करून विचारा.

सीसीच्या वर्गात दोघं एकदम सुटतात, जो आधी पोचला तो जिंकला. तिथे शेवटी पैसा बोलतो. इंडेक्स नावाच्या प्रकारात वेळ आयोजकच ठरवतात, त्याहून लवकर पोचायचं नाही. रोजच्या गाडीला मला तिसरा प्रकार, ब्रॅकेट, बरा वाटतो. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, किती सेकंदांत काढणार ते तुम्हीच आधी सांगायचं. याला डायल-इन म्हणतात. माझा १७.३०, शेजारच्याचा १४.८०. म्हणजे मला अडीच सेकंद आधी हिरवा दिवा. पण सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर ब्रेकआउट, बाद.

नवीन माणूस इथेच फसतो. घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटल्यावर होतं. दिवा लागल्यावर अर्धा सेकंद झोपलात तरी स्लिपवर, म्हणजे फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, वेळ झकास येते आणि शर्यत जाते. हिरव्याआधीचे पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं एकाखाली एक लागत असतील तर शेवटचा पिवळा दिसताच क्लच सोडायचा. हिरव्याची वाट बघणारा मागेच राहतो.

माझी दुसरी शर्यत ब्रॅकेटचीच. शेवटच्या शंभर मीटरला आरशात ती मोठी गाडी वाढत आली. मी पुढे होतो, नुसता पाय थोडा उचलायचा होता. नाही उचलला. रेषा आधी मीच ओलांडली. स्लिपवर १७.२४. ब्रेकआउट.

सकाळी सराव करून डायल-इन ठरवला होता, दुपारी डांबर तापल्यावर टायरची पकड बदलली, हे नंतर सुचलं. आता प्रत्येक फेरीची वेळ, उन्हाची वेळ आणि टायरमधली हवा कंपनीच्या जुन्या जॉबकार्डच्या पाठीवर लिहितो. ती १७.२४ ची स्लिप उस्तादांनी गॅरेजच्या आरशात खोचून ठेवली आहे. काढू देत नाहीत.