गावाजवळून जाणाऱ्या महामार्गावरचा विकिपीडिया लेख कसा तपासावा

बुटीबोरीहून वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड करत नांदेड आणि पुढे तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा आमचा रोजचा रस्ता. एका विद्यार्थ्याने त्यावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहिला आणि "सर, एकदा नजर टाका" म्हणून माझ्याकडे दिला. नुसती नजर टाकून काम होत नाही, हे मला असे बरेच लेख तपासताना कळलं होतं. म्हणून माझी पद्धत इथे मांडतो.

लेख आधी एकदा पूर्ण वाचा, काहीही न बदलता. दिसलेली चूक लगेच दुरुस्त करायला हात शिवशिवतात, पण एकीकडे वाचत दुसरीकडे खोडत गेलं की लेख काय सांगू पाहतोय ते हातून निसटतं. वाचून झाल्यावर पाठकोऱ्या कागदावर रस्त्याची एक उभी रेघ ओढा आणि लेखात आलेली गावं, नद्या, फाटे त्याच क्रमाने तिच्यावर मांडा. बहुतेक गोंधळ इथेच उघडा पडतो. त्या विद्यार्थ्याच्या लेखात नागपूरकडून येताना आर्णी आधी आणि यवतमाळ नंतर आलं होतं. यष्टीच्या खिडकीशी बसून हा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला ते तिथल्या तिथे खटकतं. कळंबच्या अलीकडे वर्धा नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि उमरखेडच्या पुढे पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. या दोन नद्या लेखात असल्याच पाहिजेत. नसतील तर तसं लिहून कळवा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. रोजची ये-जा चूक शोधायला कामी येते, पण ती संदर्भ म्हणून देता येत नाही. "मी स्वतः पाहिलंय" यावर विश्वकोश चालत नाही. तुम्हाला जे खटकलं त्याला छापील किंवा अधिकृत आधार शोधावाच लागतो.

पुढची पायरी क्रमांकांची. विदर्भातल्या रस्त्यांच्या लेखांमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका. २०१० मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा जाणारा जुना ६ आता ५३ झाला आणि नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा असा जाणारा जुना ७ आता ४४ मध्ये आला. लोकांच्या तोंडी जुने आकडे अजून आहेत, जुन्या बातम्यांत आणि पुस्तकांतही तेच आहेत. पण नव्या यादीतला ६ मेघालय-मिझोरामकडचा आहे आणि नवा ७ पंजाबातल्या फाजिल्कापासून उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा गावापर्यंत जातो. लेखात मूर्तिजापूरच्या रस्त्यासाठी नुसता "राष्ट्रीय महामार्ग ६" असा दुवा दिला असेल तर वाचक थेट शिलाँगला पोचेल! जिथे जुना आकडा येतो तिथे "तत्कालीन" किंवा "जुना" हा शब्द हवा, आणि सोबत नवा आकडाही.

नव्या क्रमांकांमागचं सूत्र माहीत असलं तर अर्धी तपासणी तिथेच होते. मुख्य महामार्गांत पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे आहेत आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम. म्हणून हजिरा ते पारादीप ५३, आणि श्रीनगर ते कन्याकुमारी ४४. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ महामार्ग सांगतात. ३६१ आणि अकोला-वाशिम-हिंगोलीकडचा १६१ या दोन्ही ६१ च्या शाखा. साकोली-गडचिरोली-सिरोंचाकडे जाणारा ३५३सी हा ५३ च्या कुळातला. लेखातला आकडा या सूत्रात बसत नसेल तर राजपत्रातली अधिसूचना काढून पाहा. क्रमांक आणि मार्ग यांच्यासाठी राजपत्र हाच पहिला आधार, वर्तमानपत्राचं कात्रण त्यानंतर.

मग गावांचे दुवे एकेक करून उघडा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. आपला कळंब यवतमाळ जिल्ह्यातला, चिंतामणी गणपतीचा. दुसरा कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे. ५३ वर लागतं ते वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे, पण दुवा बऱ्याचदा वाशिमच्या कारंजा लाडला जातो. मालेगाव वाशिममध्येही आहे आणि नाशिकमध्येही. आर्णी आणि आर्वी यांत तर एकाच अक्षराचा फरक आणि जिल्हे वेगळे. बाहेरच्या वाचकाला यातलं काही कळणार नाही, त्यामुळे ही चूक पकडायची जबाबदारी इथल्या माणसाचीच.

आता आकड्यांकडे. मोठ्या आकड्याचं वाक्य दिसलं की थांबायचं. उदाहरणादाखल हे वाक्य घ्या: "अमरावती-अकोला हा ७५ किलोमीटरचा महामार्ग पाच दिवसांत बांधून विक्रम झाला." वाक्याला संदर्भ आहे, विक्रमही खरा आहे, गिनीज बुकात त्याची नोंद आहे. तरी वाक्य चुकीचं आहे. ३ जून २०२२ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपलं. म्हणजे १०५ तास ३३ मिनिटं. या वेळात अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत डांबरी काँक्रीटचा थर सलग टाकला गेला. पण ७५ किलोमीटर ही एका पदराची लांबी आहे. दोन पदरांच्या रस्त्याच्या हिशेबाने ती ३७.५ किलोमीटर भरते. आणि टाकला तो वरचा थर, त्याखालचं सगळं काम आधीचं होतं. म्हणून परीक्षणात नुसतं "चूक" लिहून सोडू नका. "बांधला" ऐवजी "एका पदराचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा थर टाकला" असं सुचवा. कामगारांनी दिवसरात्र राबून केलेलं ते काम मोठंच होतं. नेमकं लिहिलं तर ते कमी होत नाही.

"सध्या" हा शब्द लेखभर शोधा. "सध्या चौपदरीकरण सुरू आहे" हे वाक्य कुणी कधी लिहिलं हे लेखाच्या "इतिहास" पानावर (जिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते) गेल्याशिवाय कळत नाही, तोवर रस्ता होऊन त्यावर टोलनाकाही उभा राहिलेला असतो. तिथे महिना आणि वर्ष घालायला सांगा. "निसर्गरम्य", "जीवनवाहिनी", "विकासाचा मार्ग" हे शब्द सरळ काढायला सांगा. जुन्या इतिहासासाठी ब्रिटिशकाळातली वऱ्हाडची जिल्हा गॅझेटियरं, म्हणजे जिल्ह्यांचे सरकारी माहितीग्रंथ, उपयोगी पडतात. इंटरनेटवर ती शोधताना यवतमाळचं जुनं इंग्रजी स्पेलिंग "येओतमाल" (Yeotmal) धरून शोधा, नाहीतर हाती काही लागत नाही.

भूसंपादन आणि मोबदला हा भाग नाजूक आहे. "शेतकऱ्यांवर अन्याय झाला" हे लेखाचं स्वतःचं मत म्हणून येऊ शकत नाही. कोणत्या गावच्या शेतकऱ्यांनी कधी, काय मागणी केली आणि ती कुठे छापून आली, हे आलं पाहिजे. हा भाग गाळून टाकावा असंही मला मुळीच वाटत नाही. ज्यांच्या वावरातून रस्ता गेला ते त्या रस्त्याच्या इतिहासाचाच भाग आहेत. माझ्या घरचंही दीड एकर वावर रुंदीकरणात गेलंय. म्हणून हा परिच्छेद मी स्वतः तपासत नाही, तसं चर्चापानावर (लेखाला जोडलेल्या, संपादकांच्या चर्चेच्या पानावर) स्पष्ट लिहितो आणि दुसऱ्या संपादकाला विनंती करतो. तुमचं काही गुंतलं असेल तर तुम्हीही तसंच करा.

शेरे लेखाच्या चर्चापानावर लिहा. प्रत्येक मुद्द्यात मूळ वाक्य, अडचण आणि उपाय, तिन्ही असू द्या. उदाहरणार्थ: "'मार्ग' विभाग, दुसरं वाक्य. आर्णी यवतमाळच्या आधी आलंय. नागपूरकडून क्रम यवतमाळ, मग आर्णी असा हवा. कृपया बदलाल का?" जे चुकीचं आहे आणि ज्याला फक्त संदर्भ हवाय, त्यांच्या याद्या वेगळ्या करा. एकत्र केल्या तर नवा लेखक बरोबर असलेलंही घाबरून खोडतो. चांगलं दिसलं तेही नाव घेऊन सांगा. त्या विद्यार्थ्याने दोन्ही नद्यांच्या पुलांचे फोटो स्वतः काढून लावले होते, मी पहिलं वाक्य त्याबद्दलच लिहिलं.

मोठी फेररचना सुचवत असाल तर ती आधी लेखकाच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या त्याच्या सरावाच्या पानावर, करून पाहायला सांगा. मग पंधरा दिवस थांबा. कापूस वेचणीच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत महिनाभर. बदल झाल्यावर सगळा लेख पुन्हा वाचायची गरज नाही. "इतिहास" उघडा, तुमच्या शेऱ्याआधीची आणि आताची आवृत्ती शेजारी शेजारी लावून तुलना करा, आणि चर्चापानावर प्रत्येक मुद्द्याखाली "झालं" किंवा "अजून बाकी" लिहून सही करा.