शापित बागमहाल टेबलावर आणण्याआधी

फासे, पेन्सिली, खोडरबर, कॅरेक्टर शीट. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ. डी अँड डीत, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रांची गोष्ट खेळायच्या खेळात, खेळ चालवणारे तुम्ही असाल आणि जागा म्हणून शापित बागमहाल घेणार असाल तर कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी पाणी काढा. दालनं नंतर, झाडं नंतर, राणीचं भूत त्याच्याही नंतर. पाणी येतं कुठून, आत शिरतं कुठे, साठतं कुठे आणि बाहेर पडतं कुठे, ही चार उत्तरं लिहून झाल्याशिवाय एकाही राक्षसाचे हिट पॉइंट (तो किती मार सोसतो तो आकडा) ठरवू नका. ठाण्यात आमच्या टेबलावर मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. चोराचं पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने दुसऱ्याच चौकात विचारलं, "महाल उजाड झालाय ना, मग कारंजं कसं उडतंय? पाणी कोण सोडतंय?" प्रश्न रास्त होता, उत्तर तयार नव्हतं, आणि तिथून पुढे कुणाचाच त्या जागेवर विश्वास बसला नाही.

कारण बागमहाल हे मुळात पाण्याचं बांधकाम आहे. चारबाग म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेली बाग; पाट काढून घेतले तर उरतो नुसता माळ. पंप नव्हते तेव्हा कारंजं उडायचं ते उंचीच्या जोरावर: लांब कुठेतरी उंचावर साठा, तिथून बंद नळ, आणि तोटीतून निघालेली धार साठ्याच्या पातळीपेक्षा वर कधीच जात नाही. शनिवारवाड्याला पाणी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने यायचं. मलिक अंबरने 17व्या शतकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, अशीच नहर आणली. अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) फराहबाग तर निजामशाहीत तळ्याच्या मधोमध बांधला. तळं आटलं, अष्टकोनी महाल तेवढा उभा आहे. या तिन्हींतला एक नमुना निवडा आणि शेवटपर्यंत तोच धरा. तिन्हींची खिचडी करू नका.

आता निळं पेन घ्या. उगमापासून महालापर्यंत एक रेघ, उताराकडे बाण. वाटेत नळातली हवा बाहेर सोडणारे दगडी उच्छ्वास दोन-तीन ठिकाणी दाखवा, पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, जमिनीखाली काय चाललंय ते ऐकू येण्याची ती जागा. मग प्रत्येक दालनात पाण्याची एक खूण लिहा. कोरडं दालन असेल तर ते कोरडं का, हेही लिहा. हमामखान्यात कोमट पाणी का आहे? जनानखान्याच्या पाटातून केस वाहत येतात ते कुणाचे? कोठाराच्या भिंतीवर ओल कुठवर चढली आहे? हे कंटाळवाणं वाटेल, तरी करा. पडक्या महालात खेळाडू भरकटतात ते दिशा नसल्यामुळे; सगळी दालनं सारखीच पडकी, मग डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, फरक काय? पाट असला की फरक पडतो. प्रवाहाविरुद्ध चालत गेलं की उगम, प्रवाहाबरोबर गेलं की पाण्याने जे वाहून नेलं ते सगळं. आणि शाप ठेवायचा तो उगमाशी. सिंहासनावर नको, आरशात नको. उगमाशी.

शापाचे नियम एका परिच्छेदात लिहा: कुणी दिला, का दिला, काय केल्याने लागतो, काय केल्याने सुटतो. गोष्ट काहीही असो, माझं मत विचाराल तर पाण्यावरूनच असू द्या. राजाने बागेसाठी गावाचं पाणी वळवलं, खालची शेतं वाळली, ज्या घरातलं मूल गेलं तिथल्या बाईने उगमाशी बसून शाप दिला. हे आपल्या टेबलावर कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

पाचव्या लेव्हलची पार्टी असेल तर मात्र सावध राहा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत क्लेरिकला (देवाच्या नावाने मंत्र टाकणारं पात्र) याच लेव्हलला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात, त्यात शाप उतरवणारा रिमूव्ह कर्स आहे. तो एका प्राण्याला किंवा एका वस्तूला स्पर्श करून चालतो. म्हणून शापाचं मूळ उगमाशी असलं तरी शाप अख्ख्या जागेवर ठेवा. माणसाच्या अंगावरचा उतरेल, जागेवरचा राहील. हे आधी ठरवलं नाहीत तर सगळी रात्र दहा सेकंदांत संपेल. कुणीतरी अन्नपाणी शुद्ध करणारा प्युरिफाय फूड अँड ड्रिंकही काढणारच: त्याचा आवाका 5 फूट त्रिज्येचा, आणि जादूने बाधलेल्या पाण्यावर तो चालतच नाही. पाणी निर्माण किंवा नाहीसं करणारा क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर साध्या पातळीला 10 गॅलन, म्हणजे जेमतेम 38 लिटर. हौदाला त्याने काय होणार? ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) असेल तर झाडांशी बोलेल, पण त्यासाठीच्या स्पीक विथ प्लांट्स मंत्रामध्ये झाडांना गेल्या एका दिवसाचंच विचारता येतं, शंभर वर्षांपूर्वीचं नाही. जुनं सांगायला माळ्याचं प्रेत ठेवा, जबडा शाबूत असलेलं, कारण प्रेताला बोलतं करणाऱ्या स्पीक विथ डेड मंत्राला तोंड लागतं. प्रश्न पाचच मिळतात, उत्तरं आधी लिहून ठेवा. त्यातलं एक तरी पाण्याबद्दलचं हवं.

झाडांचं. पडक्या भिंतीत पिंपळ, वड, उंबर उगवतात. त्यांच्या बिया पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात, म्हणून आधी माथ्यावर रुजतात आणि मुळं खाली सोडतात. घोडबंदर रोडने वसईच्या किल्ल्यात एक सकाळ जाऊन या, भिंतीला मुळं कशी कवटाळतात ते वाचून कळत नाही. घाणेरीचं रान घालायचा मोह होईल, पण ती अमेरिकेतून आलेली. जुन्या काळातली बाग असेल तर करवंद, निवडुंग बघा. त्यातही निवडुंग फड्या नको, तोही तिकडचाच, त्रिधारी घ्या. आणि मुळं फुटक्या नळाकडे धावतात. सगळ्यात जाड मुळं जिथे जमिनीत शिरतात तिथे खाली नळ फुटलेला आहे, एवढी एकच गोष्ट सांगितलीत तरी हुशार खेळाडू पाण्यापर्यंत पोचतात. पुन्हा पाणी, हो.

आग लावतील. बाग म्हटली की कुणीतरी आग लावतंच. पावसाळा ठेवा, ओली झाडं, भरपूर धूर, आणि धूर कुठल्या उच्छ्वासातून आत ओढला जातो ते नोंदवा.

राक्षस कमी घ्या. तीन पुरे: एक हालणारी वेल, हौदातलं एक काहीतरी, आणि एक ज्याच्याशी बोलता येईल असं. अंगातून फांद्या फुटणं, बुडणं, मेलेलं मूल, यातलं काय चालेल आणि काय नाही ते आठवडाभर आधी प्रत्येकाला वेगळं विचारा. ग्रुपवर विचारलं तर सगळे "चालेल" म्हणतात.

बाकीचं पटापट. रविवार असेल तर लोकलचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघा. मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर, तिन्ही. ऐरोली-घणसोलीचे लोक ट्रान्स-हार्बर बंद असली की तासभर उशिरा येतात आणि पहिलं दालन दोनदा सांगावं लागतं. सोसायटीचा हॉल घेणार असाल तर किती वाजता बंद होतो ते लेखी घ्या. मिसळ खेळाआधी, नकाशापासून लांब. तर्रीचा डाग निघत नाही. नकाशावर प्लास्टिक टाका. इनिशिएटिव्हच्या (लढाईत कुणाची पाळी कधी याच्या) चिठ्ठ्या, टायमर, चार्जर.

निघायच्या आधी निळी रेघ एकदा बोटाने फिरवा, उगमापासून बाहेर पडण्यापर्यंत. बोट कुठे अडलं तर तिथे खेळाडूही अडतील, ते आत्ताच दुरुस्त करा. शाप सुटला की कोंडलेलं पाणी एकदम मोकळं होणार. खाली गाव आहे का, गावात कोण आहे, त्यांना कोण सांगणार, हे तीन ओळींत लिहा. खजिना थोडा, तोही ओला. एक्सपी (पात्रांचे अनुभवाचे गुण) घरी गेल्यावर पाठवा, डोंबिवलीवाल्यांना गाडी गाठायची असते.