घरचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं टिकवायचा तर

कॉम्प्युटर अचानक बंद पडला असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा तो बरेच महिने आधीपासून कुरकुरत असतो. पंखा पूर्वीपेक्षा जोरात घुमतो, लॅपटॉपचं बूड मांडीला चटका देतं, साधी फाइल उघडायला वेळ लागतो. या कुरकुरीमागे फार वेळा उष्णता असते. त्यामुळे गरम हवेची वाट मोकळी ठेवणं, हे पहिलं काम.

डेस्कटॉपचं कॅबिनेट जमिनीला टेकवून ठेवू नका, कारण केरकचरा सगळा तिथेच ओढला जातो. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब हवी. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. बऱ्याच लॅपटॉपच्या जाळ्या तळाला असतात, म्हणून तो गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये. पलंगावर बसूनच काम करायचं असेल तर खाली एक सपाट फळी घ्या. प्रोसेसर साधारण 95 ते 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तेव्हा ‘स्लो झालाय’ म्हणून नवा घ्यायच्या आधी जुना एकदा साफ करून बघा.

ही सफाई तीन-चार महिन्यांतून एकदा करावी. कॉम्प्युटर शट डाउन करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण उघडलं की आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. अंगातली स्थिर वीज तिथेच उतरते. आता प्रोसेसरवरचा पंखा नीट बघा. पात्यांच्या कडांवर धूळ दिसेलच, पण खरी अडचण त्याच्या खाली असते. हीट सिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पत्र्यांमध्ये धुळीचा गोधडीसारखा थर बसलेला असतो आणि तोच हवा अडवतो. मऊ ब्रशनं तो सैल करा, मग पंखा बोटानं धरून ठेवून दाबून भरलेल्या हवेच्या कॅननं छोटे छोटे झोत मारा. पंखा धरायचाच, कारण झोतानं तो भरमसाट फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. कॅन उभाच धरा, उलटा केला तर त्यातून द्रव बाहेर येतो. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्यानं स्थिर वीज तयार होते. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, धोकादायक वीज धरून ठेवू शकतात. सफाई करूनही मशीन तापतच असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता हीट सिंककडे पोचवणारा लेप) वाळली असण्याची शक्यता आहे, ती जाणकाराकडून बदलून घ्यावी.

लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल जुने समज अजून टिकून आहेत. ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला शून्यावर जाणं मानवत नाही आणि सतत 100 टक्के भरलेलं राहणंही मानवत नाही. त्यात मशीन तापत असेल तर ती आणखी लवकर म्हातारी होते. 20 ते 80 टक्क्यांमध्ये ठेवणं उत्तम. दिवसभर चार्जर लावूनच काम करत असाल तर सेटिंगमध्ये बघा, बऱ्याच लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. ती आजच चालू करा. टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग वापर आणि चार्जिंग दोन्ही लगेच थांबवा. ती दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

विजेसाठी चांगला स्पाइक गार्ड, म्हणजे विजेचा अचानक येणारा दणका अडवणारा बोर्ड, वापरा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसही हवा. विजा कडाडत असतील तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. सोबत इंटरनेटची केबलही काढा. लोक नेमकी हीच विसरतात आणि दणका तिच्यातूनही येऊ शकतो.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेत असतात, म्हणून मशीन चालू असताना सरकवू नका, आपटू नका. एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या नव्या पद्धतीच्या डिस्कला, हलण्याची भीती नाही, पण तिची लिहिण्याची क्षमता मर्यादित असते. तिला डीफ्रॅग करू नका (म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायचं काम तिच्यावर चालवू नका) आणि थोडी जागा कायम रिकामी ठेवा. डिस्क कुठलीही असो, महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच आणि प्रत काढून झाली की ती डिस्क वेगळी करा.

लॅपटॉपचं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, मध्यावर धरा, नाहीतर बिजागरीवर ताण येतो. मिटण्याआधी कीबोर्डवर पेन राहिलं नाही ना, हे बघा. चार्जर काढताना वायर ओढू नका, पिन धरा.

आणि कपबशी शक्यतो दुसऱ्या टेबलावर. तरीही काही सांडलंच, तर चार्जर काढा आणि पॉवरचं बटण दाबून धरून मशीन ताबडतोब बंद करा. फाइल सेव्ह करत बसू नका. लॅपटॉप उघडा ठेवून पालथा करा आणि पाणी गळू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. ‘चालू होतो का बघू’ हा मोह तर कटाक्षानं टाळा, कारण ओल्या सर्किटमधून वीज गेली की शॉर्ट होतो. चहा किंवा गोड पेय असेल तर नुसतं वाळवून उपयोग नाही. साखर आत चिकटून राहते, त्यामुळे मशीन चालू न करता तसंच दुरुस्तीला न्या आणि काय सांडलं ते तिथे नीट सांगा.